शेक संपल्यानंतरची त्वचा

गेल्या तीन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयावरची आहेत, हे संपादकांनी लक्षात आणून दिले. स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले, वर्षे लोटली, नियमित तपासण्यांत सारे ठीक निघाले, पण उपचार घेतलेल्या जागेची त्वचा काही पूर्ववत झाली नाही, किंवा आता नव्यानेच काहीतरी वेगळे दिसू लागले, असा या पत्रांचा सूर आहे. ठाणे आणि नवी मुंबईतून आलेली सात पत्रे येथे संक्षेपाने घेतली आहेत आणि पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे वगळली आहेत.

आरंभीच एक खुलासा करतो. बोलण्यात किरणोपचाराला सर्रास ‘शेक’ म्हणतात. माझ्या दवाखान्यात येणाऱ्या बहुतेक स्त्रिया हाच शब्द वापरतात, त्यामुळे मीही तो वापरणार आहे. पण या शब्दाने एक घोटाळा करून ठेवला आहे. शेक म्हटला की बाळंतिणीची शेकशेगडी आठवते, उष्णता आठवते, आणि मग ‘अंगात उष्णता राहिली’, ‘त्वचा भाजली’ असे हिशेब सुरू होतात. प्रत्यक्षात हे किरण त्वचेला तापवत नाहीत. ते पेशींच्या गाभ्यातील डीएनएला इजा करतात, आणि ती इजा पुढे कित्येक महिने, कधी कधी वर्षे, आपला परिणाम दाखवत राहते. भाजलेली जागा एकदा भरली की प्रश्न बहुधा संपतो. किरण लागलेली जागा भरल्यानंतरही तिचा स्वभाव बदललेला राहतो.

प्रश्न (नौपाडा, ठाणे) : माझे वय ५७ आहे. सहा वर्षांपूर्वी डाव्या स्तनातील गाठ काढली, स्तन राखला. त्यानंतर तीन आठवड्यांत पंधरा वेळा शेक दिला आणि गाठीच्या जागेवर आणखी चार वेळा. तेव्हा त्वचा काळवंडली, काखेत सोलली आणि दोनएक महिन्यांत बरी झाली. गेल्या दोन वर्षांपासून मात्र तो स्तन उजव्यापेक्षा लहान आणि घट्ट झाला आहे, वर ओढल्यासारखा दिसतो, त्वचा कोरडी पडून खाजते आणि व्रणाजवळ लाल-जांभळ्या बारीक रेषांचे जाळे आले आहे. बरे झालेले दुखणे चार वर्षांनी का उलटावे? माझ्या थोरल्या नणंदेला पंचवीस वर्षांपूर्वी शेक दिला होता, तिची छाती लाकडासारखी झाली आहे. माझेही तसेच होईल का?

उत्तर : दुखणे उलटलेले नाही. आपण केलेले वर्णन किरणोपचाराच्या उशिरा होणाऱ्या परिणामांशी जुळते, आणि हे परिणाम मुळात उशिराच दिसतात. उपचार चालू असताना आणि संपल्यावर एक-दोन आठवड्यांत जी लाली येते, काळेपणा येतो, कातडी सोलते, तो सारा त्वचेच्या वरच्या थराचा कारभार असतो. हा थर साधारण महिना-दीड महिन्यात स्वतःला नव्याने घडवत असल्यामुळे त्याची इजा लवकर उघड होते आणि लवकर भरूनही येते. खालचा थर मात्र संथ आहे. तेथल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तराला झालेली इजा हळूहळू जाणवू लागते, रक्तपुरवठा तुटपुंजा होतो आणि दुरुस्तीसाठी धावून आलेल्या पेशी काम संपले तरी थांबत नाहीत; गरज नसताना तंतू विणतच राहतात. डॉक्टर यालाच फायब्रोसिस म्हणतात. तो साधारणपणे चार महिन्यांपासून वर्षभराच्या काळात सुरू होतो आणि पुढे काही वर्षे वाढू शकतो. स्तन घट्ट होणे, आक्रसणे, वर ओढला जाणे हे त्यातूनच घडते.

रेषांचे जाळे म्हणजे ज्या बारीक रक्तवाहिन्या टिकल्या त्याच आता फुगून वर दिसू लागल्या आहेत. त्या दिसायला खटकतात, अपाय करत नाहीत. कोरडेपणाचे कारण निराळे आहे : त्या भागातील तेलग्रंथी आणि घामग्रंथी बऱ्याच अंशी कायमच्या निकामी झालेल्या असतात. त्यात आपण लेट्रोझोल किंवा अनॅस्ट्रोझोल यांसारखी हार्मोनविरोधी गोळी पाच वर्षे घेतली असेल, तर सर्वांगाच्याच कोरडेपणात तिने भर घातली असणार.

गाठीच्या जागेवर दिलेली जी जादा मात्रा आपण लिहिली आहे, तिला ‘बूस्ट’ म्हणतात. रोग त्याच जागी परत येण्याची शक्यता कमी करण्यासाठी ती देतात, आणि तिची किंमत त्या जागेच्या घट्टपणात मोजावी लागते. ही किंमत किती, हे युरोपातील एका मोठ्या अभ्यासातून कळले आहे. त्याचे वीस वर्षांचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. बूस्ट घेतलेल्या स्त्रियांपैकी शंभरात सुमारे पाच जणींना तीव्र स्वरूपाचा घट्टपणा आला, आणि न घेतलेल्यांत हे प्रमाण शंभरात दोनपेक्षाही कमी होते. म्हणजे फरक आहे, पण बूस्ट घेतलेल्या बहुसंख्य स्त्रियांची छाती लाकडासारखी होत नाही.

नणंदेच्या आणि आपल्या उपचारांत सुमारे एकोणीस वर्षांचे अंतर आहे, हे विसरू नका. त्या काळी आपल्याकडे अनेक ठिकाणी कोबाल्टच्या यंत्रावर शेक दिला जाई. कोबाल्टच्या किरणांचा जोर त्वचेखाली जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरवर सर्वाधिक असतो, तर आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या लिनॅक यंत्राच्या सहा मेगाव्होल्टच्या किरणांचा जोर सुमारे दीड सेंटिमीटर खोल जाऊन लागतो, त्यामुळे त्वचा तुलनेने वाचते. यंत्राला नुसता दोष देणे मात्र बरोबर नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेले भाभाट्रॉन हे कोबाल्टचेच यंत्र आहे, महागडी यंत्रे जेथे पोहोचत नाहीत तेथे अशा यंत्रांनी मोठे काम केले आहे, आणि कोबाल्ट-६० चा पुरवठा आपल्या वाशीतल्याच एका सरकारी संस्थेकडून होतो, हे अनेक नवी मुंबईकरांनाही ठाऊक नसते. दुसरा फरक आखणीचा. पूर्वी क्ष-किरण चित्र पाहून क्षेत्र आखले जाई, आता सीटी स्कॅनवरून आखले जाते आणि स्तनाच्या कोणत्याही भागाला गरजेपेक्षा जास्त मात्रा मिळू नये याची काळजी घेता येते. तिसरी शक्यता अशी की नणंदेचा संपूर्ण स्तन काढलेला असावा. अशा वेळी छातीच्या त्वचेलाच पुरेशी मात्रा मिळावी म्हणून तिच्यावर मुद्दाम मेणासारख्या किंवा जेलच्या पदार्थाचा थर ठेवतात, आणि तेथे त्वचेवरचे परिणाम साहजिकच अधिक होतात.

एक गैरसमज येथेच दूर करतो. पंधरा दिवसांतच शेक ‘उरकला’ म्हणून त्वचा बिघडली, असे काही जणींना वाटते. पाच आठवड्यांत पंचवीस वेळा मिळून ५० ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे माप) देण्याच्या जुन्या पद्धतीशी, तीन आठवड्यांत पंधरा वेळा ४० ग्रे देण्याची पद्धत ब्रिटनमध्ये काटेकोरपणे ताडून पाहिली गेली, आणि उशिराचे परिणाम छोट्या पद्धतीत जास्त नाहीत, उलट काही बाबतींत कमीच आहेत, असे आढळले. २०२० साली तर एका आठवड्यात पाच वेळा मिळून २६ ग्रे देण्याच्या पद्धतीचेही पाच वर्षांचे निष्कर्ष समाधानकारक असल्याचे प्रसिद्ध झाले.

आता करायचे काय? प्रथम, घट्टपणा जुन्या व्रणाभोवतीचाच आहे की त्यात नवी गाठ आहे, हे हाताने ठरवू नये. वार्षिक मॅमोग्राफी चुकवू नका आणि जुन्या फिल्म सोबत न्या, कारण तुलना केल्याशिवाय अशा स्तनाची तपासणी वाचणे कठीण असते. त्वचेसाठी अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच, बिनवासाचे घट्ट मलम दिवसातून दोन वेळा लावावे. साधे पेट्रोलियम जेलीचे मलमही चालते, त्यासाठी हजार रुपयांची बाटली लागत नाही. खोबरेल तेल लावायला हरकत नाही. हळदीचा लेप, लिंबू, बेसन आणि ‘डाग घालवणारी’ क्रीमे या त्वचेपासून दूर ठेवावीत. घट्टपणावर फिजिओथेरपिस्टकडून शिकून घेतलेला हलका मसाज आणि खांद्याचे व्यायाम यांचा उपयोग होतो, पण तो महिनोन्‌महिने सातत्य ठेवले तरच. पेंटॉक्सिफायलिन आणि ई जीवनसत्त्व या गोळ्यांची जोडी काही जणींना दिली जाते. ती निदान सहा महिने घ्यावी लागते, तिचे निकाल सर्व अभ्यासांत सारखे आलेले नाहीत, आणि रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर ती आपल्या मनाने मुळीच घेऊ नये. रेषांचे जाळे फारच डाचत असेल तर विशिष्ट प्रकारच्या लेसरने ते फिकट करता येते. मात्र किरण लागलेल्या त्वचेवर काम केल्याचा अनुभव असलेल्या तज्ज्ञाकडेच ते करावे. सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानावरच्या मजल्यावर चालणाऱ्या ‘क्लिनिक’मध्ये ते काम नाही.

आणि पत्रात नसलेली एक गोष्ट विचारतो. घरात मिश्री लावण्याची सवय असेल तर ती सोडा. तंबाखू आधीच अरुंद झालेल्या रक्तवाहिन्या आणखी आवळते, आणि दातांना लावलेली मिश्री ही तंबाखूच आहे, हे मला वर्षानुवर्षे समजावून सांगावे लागते.

प्रश्न (ऐरोली) : आईचे वय ६४. २०१९ मध्ये उजवा स्तन काढला, काखेतल्या गाठी काढल्या आणि नंतर शेक दिला. काखेपासून दंडाच्या आतल्या बाजूपर्यंत आणि छातीवर तिला स्पर्श नीट कळत नाही. गेल्या महिन्यात खांदा दुखतो म्हणून रात्री गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवून ती झोपली. सकाळी तळहाताएवढा फोड होता. तीन आठवडे झाले, जखम भरत नाही. आम्ही बर्नॉलसारखे मलम लावत आहोत.

उत्तर : ही जखम आता घरी सांभाळायची राहिलेली नाही. मूळ शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनना किंवा त्वचातज्ज्ञांना या आठवड्यातच दाखवा. रक्तातील साखरही तपासून घ्या.

काखेतील गाठी, म्हणजे लसिकाग्रंथी, काढताना दंडाच्या आतल्या बाजूला संवेदना देणारी एक बारीक नस बहुधा ताणली जाते किंवा कापली जाते. त्यामुळे काख, दंडाची आतली बाजू आणि छातीचा काही भाग बधिर होतो. काही वर्षांत ही संवेदना थोडीफार परत येते, अनेकींची येत नाही. बधिर त्वचेला गरम लागल्याचे कळत नाही, हे उघड आहे. दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे : किरण लागलेल्या त्वचेचा रक्तपुरवठा आधीच कमी असतो, म्हणून दुसऱ्या कोणाची आठवड्यात भरेल अशी जखम येथे महिना घेते, आणि कधी कधी भरतच नाही. अशा जखमेवर काय लावले यापेक्षा तिला ओलसर आणि स्वच्छ कसे ठेवले हे महत्त्वाचे असते, आणि त्यासाठी आता चांगल्या प्रकारची ड्रेसिंग मिळतात. अगदीच न भरणाऱ्या जखमांसाठी पाठीचा स्नायू त्वचेसह फिरवून तेथे आणण्याची शस्त्रक्रिया करतात, कारण त्या ऊतींना किरण लागलेले नसतात. आपल्या आईंच्या बाबतीत तिथवर जावे लागेल असे नाही. पण दोन-तीन आठवड्यांत न भरणाऱ्या जखमेचा तुकडा तपासायचा की नाही, याचा निर्णय डॉक्टरांवर सोपवा आणि त्यांनी तपासणी सुचवल्यास घाबरून नकार देऊ नका.

पुढे खांदा दुखेल तेव्हा रबरी पिशवी, वीजेवरचे गरम होणारे पट्टे, झोंबणारे बाम, आणि बर्फसुद्धा, त्या बाजूला नको. किरण मिळालेल्या बाजूचा खांदा आखडणे अतिशय सामान्य आहे, आणि त्यावर उपाय शेक नव्हे, व्यायाम हा आहे. अंघोळीच्या पाण्याचा अंदाजही दुसऱ्या हाताने घ्यावा. चटका बसलाच तर नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली ती जागा वीस मिनिटे धरावी. टूथपेस्ट, शाई, कोरफडीचा गर, काहीही लावू नये.

प्रश्न (कोपरी, ठाणे) : दोन वर्षांपूर्वी शेक घेतला. नातीला मांडीवर घेऊ की नको, असे सून विचारते. अंगातली उष्णता जावी म्हणून सब्जा आणि गुलकंद घेते. ते चालेल का?

उत्तर : बाहेरून यंत्राने दिलेले किरण यंत्र बंद होताच संपतात, अंगात काहीही उरत नाही, आणि दुसऱ्याला काही होण्याचा प्रश्नच येत नाही. नातीला आजच मांडीवर घ्या. गुलकंद मधुमेह नसेल तर आवडीने खा, औषध म्हणून नको.

प्रश्न (कळवा) : मी शिक्षिका आहे, वय ४९. चार वर्षांपूर्वी डावा स्तन काढला, नंतर शेक दिला. ब्रामध्ये सिलिकॉनचा कृत्रिम स्तन घालते आणि रोज ठाण्याहून वाशीला लोकलने जाते. दर पावसाळ्यात छातीच्या खालच्या कडेला आणि उरलेल्या स्तनाखाली लाल चट्टे येतात, खाज सुटते. औषधाच्या दुकानातून एक क्रीम आणते, दोन दिवसांत आराम पडतो, बंद केले की पुन्हा येते. आता तेथील त्वचा कागदासारखी पातळ झाली आहे. हा शेकाचाच परिणाम का?

उत्तर : थोडासा शेकाचा, बराचसा त्या ट्यूबचा. आपल्या पत्रावरून ते क्रीम बहुधा तीव्र स्टेरॉइड, बुरशीविरोधी औषध आणि जंतुविरोधी औषध यांचे मिश्रण असावे. ट्यूबवर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन असे शब्द आहेत का, ते पाहा. स्टेरॉइडने खाज आणि लाली तात्काळ दबते, म्हणून आराम वाटतो. पण ते त्वचेची प्रतिकारशक्ती दडपत असल्यामुळे खालची बुरशी सुखाने वाढत राहते आणि दर वेळी आधीपेक्षा चिवट होऊन परतते. शिवाय स्टेरॉइड त्वचा पातळ करते. किरणांनी आधीच क्षीण झालेल्या त्वचेवर महिनोन्‌महिने ते लावणे म्हणजे दुबळ्या भिंतीचा गिलावा खरवडण्यासारखे आहे. २०१८ साली सरकारने अशी बरीच स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असे ठरवले. ठाण्यात हा नियम किती पाळला जातो, हे आपल्याला आणि मला दोघांनाही ठाऊक आहे.

त्वचातज्ज्ञाकडून खरवडून तपासणी करून घ्या. बुरशीच असेल तर स्टेरॉइड नसलेले बुरशीविरोधी क्रीम चट्टे दिसेनासे झाल्यानंतरही सांगितलेली मुदत पूर्ण होईपर्यंत लावावे लागते. पहिले आठ-दहा दिवस खाज वाढल्यासारखी वाटेल, कारण दाबून ठेवलेली लक्षणे वर येतात. तेव्हा जुन्या ट्यूबकडे हात जातो, आणि सारे तेथेच फसते.

सिलिकॉनचा कृत्रिम स्तन जड असतो आणि घाम धरून ठेवतो. गंमत अशी की, किरण मिळालेली छाती स्वतः कमी घामते, पण भोवतालच्या त्वचेचा घाम तिच्या कडेला येऊन साचतो. घरी आल्याबरोबर कृत्रिम स्तन काढून ठेवा, सौम्य साबणाने धुऊन पूर्ण कोरडा करा आणि थेट त्वचेवर न ठेवता सुती खिसा असलेल्या ब्रामध्येच घाला. पावसाळ्याच्या चार महिन्यांत शाळेच्या दिवशी कापसाने भरलेला किंवा लोकरीने विणलेला हलका पर्याय वापरून पाहा. अनेक जणींनी तोच पुढे बाराही महिने वापरला आहे. काखेतले केस ब्लेडने काढू नका, विजेचा छोटा ट्रिमर वापरा. त्या बाजूचे केस किरणांमुळे आता विरळच येत असतील.

प्रश्न (सानपाडा) : डाव्या स्तनाची शस्त्रक्रिया होऊन तीन वर्षे झाली, काखेतल्या सतरा गाठी काढल्या होत्या. डावा हात वर्षभर थोडा सुजलेला असतो. गौरी-गणपतीच्या दिवसांत चकल्या तळताना मनगटावर तेल उडाले. दुसऱ्या दिवशी हात लाल झाला, थंडी वाजून ताप आला. आता बरे आहे. वहिनी म्हणतात, हातातल्या बांगड्या काढून टाक. सवाष्णीने हात रिकामा कसा ठेवायचा?

उत्तर : तो ताप म्हणजे त्वचेखालच्या ऊतीला झालेला जंतुसंसर्ग होता. सुजलेल्या हातात तो काही तासांत पसरू शकतो, म्हणून पुन्हा असे झाले तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी प्रतिजैविक सुरू करावे लागते. लाली, उष्णता आणि थंडी-ताप ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसली तर रात्रीसुद्धा इस्पितळात जायचे. असे वर्षातून अनेकदा होत असेल तर डॉक्टर दीर्घकाळ पेनिसिलिन देण्याचा विचार करतात.

काखेतील गाठी हातातून परतणाऱ्या द्रवाची वाट असतात. त्या सर्व काढल्या की पाच स्त्रियांपैकी सुमारे एकीच्या हाताला सूज येते, आणि केवळ पहिल्या दोन-तीन गाठी काढून तपासण्याची पद्धत वापरली असेल तर हे प्रमाण शंभरात पाच-सहापर्यंत खाली येते. काखेत शेकही दिला असेल तर शक्यता वाढते. सूज जुनी झाली की तिच्यावरची त्वचा जाड, टणक आणि चिंबलेल्या संत्र्याच्या सालीसारखी होते, आणि तिला पडलेल्या बारीकशा चिरेतूनही जंतू आत शिरतात. म्हणून या हाताची त्वचा मऊ ठेवणे हे उपचाराचेच एक अंग समजावे. रोज मलम लावा, नखे कातरताना कातडी ओढू नका, विळीवर भाजी चिरताना आणि तळण करताना डाव्या हाताला हातमोजा घाला, साखरेसाठी बोटाला टोचायचे तर उजव्या हाताला टोचा. सूज कमी करण्यासाठी विशेष प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टकडून मालिश, पट्ट्या आणि नंतर मापाची दाब देणारी बाही, या क्रमाने जावे लागते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी ही सूज उतरत नाही. सुजलेल्या हाताने काही उचलू नये, हा जुना धाकही आता उरलेला नाही. हळूहळू वाढवलेल्या वजनांचा व्यायाम केल्याने सूज वाढत नाही, हे २००९ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात दिसून आले आणि त्यानंतर शिफारसी बदलल्या.

राहिला प्रश्न बांगड्यांचा. वहिनींचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. घट्ट बसणारी, काढताना साबण लागणारी बांगडी त्या हातात नको, कारण ती एका जागी दाबते आणि काचेची असेल तर फुटून कापते. सैल पाटली चालेल. हिरवा चुडा उजव्या हातात भरा. एका हाताने सौभाग्य कमी होत नाही, असे माझ्या आईने एका शेजारणीला सांगितले होते, आणि वैद्यकीयदृष्ट्याही मला त्यात दुरुस्ती करावीशी वाटत नाही.

प्रश्न (खारघर) : सासूबाईंचे वय ७१. आठ वर्षांपूर्वी स्तन राखून शस्त्रक्रिया आणि शेक झाला. गेले दोन महिने त्या स्तनावर मुका मार लागल्यासारखा निळसर-जांभळा डाग आहे. दुखत नाही. कुठे लागल्याचे त्यांना आठवत नाही. आता त्याच्या शेजारी आणखी दोन ठिपके आले आहेत. त्या म्हणतात, शेकाची जागा आहे, असे व्हायचेच.

उत्तर : असे व्हायचेच असे नाही. मुका मार तीन आठवड्यांत पिवळा पडून जातो, दोन महिने राहत नाही आणि पसरत तर नाहीच. किरणोपचारानंतर सहसा पाच ते दहा वर्षांनी, त्याच जागेच्या त्वचेतील रक्तवाहिन्यांपासून एक निराळाच कर्करोग क्वचित उद्भवतो. तो जुन्या रोगाचे परतणे नव्हे. त्याचे प्रमाण अत्यल्प आहे, शेक घेतलेल्या हजार स्त्रियांत एक किंवा त्याहूनही कमी. पण तो झपाट्याने वाढतो आणि आरंभी मुक्या मारासारखाच दिसतो, म्हणून त्याला ओळखायला उशीर होतो. अशाच दिसणारे निरुपद्रवी बदलही असतात, आणि त्यांच्यातला फरक डोळ्यांनी कळत नाही, तुकडा तपासूनच कळतो. मॅमोग्राफी ठीक आली म्हणून निर्धास्त राहू नये, कारण त्वचेतील हा बदल तीत बहुधा दिसत नाही. या आठवड्यातच, जुन्या कागदपत्रांसह, कर्करोगतज्ज्ञ सर्जनकडे जा. टाटा स्मारक केंद्राचे अ‍ॅक्ट्रेक हे कर्करोग रुग्णालय आपल्या खारघरमध्येच आहे. मूळ उपचार दुसरीकडे झाले असतील तर तेथेही चालेल, पण जा.

हेच अन्य नव्या खुणांबाबत. व्रणावर किंवा भोवती मुगाएवढ्या टणक गाठी उठणे, स्तनाची त्वचा नव्याने संत्र्याच्या सालीसारखी होणे, किंवा तोंड न धरणारी जखम होणे, यांपैकी काहीही दिसल्यास पुढच्या ठरलेल्या तपासणीपर्यंत थांबू नये. शेकानंतर पहिले वर्ष-दोन वर्षे स्तन थोडा सुजलेला राहून त्याची साल जाड दिसू शकते. ती हळूहळू ओसरते. ओसरलेली सूज पुन्हा येणे ही वेगळी गोष्ट आहे. आणखी एक दुर्मीळ बदल म्हणजे शेकाच्या जागेवर जांभळट किनार असलेला चकचकीत टणक चट्टा. तो पुष्कळदा पहिल्या वर्षभरातच येतो आणि कधी शेकाच्या क्षेत्राबाहेरही पसरतो. तो कर्करोग नसतो, पण तुकड्याची तपासणी त्यालाही चुकत नाही.

प्रश्न (घोडबंदर रस्ता, ठाणे) : शेक देण्यापूर्वी छातीवर टोचलेले निळे ठिपके अजून आहेत. मोठ्या गळ्याच्या ब्लाउजमधून एक ठिपका दिसतो आणि लोक विचारतात. गळ्याखाली जो शेकाचा भाग आहे तेथे मंगळसूत्र घासून त्वचा लाल होते. ठिपके काढून घ्यावेत का?

उत्तर : काढता येतात, पण घाई नको. यंत्राचा नेम रोज त्याच ठिकाणी बसावा म्हणून हे ठिपके टोचतात, आणि उपचार संपल्यावरही ते अगदी निरुपयोगी होत नाहीत. पुढे कधी शेजारच्या भागाला शेक द्यावा लागला, तर आधीचे क्षेत्र कोठवर होते हे त्यांवरून चटकन कळते. आणखी एक उपयोग आहे. केमोथेरपीची काही औषधे, विशेषतः डॉसेटॅक्सेल, डॉक्सोरुबिसिन आणि जेमसिटाबिन, शेक संपून महिने उलटल्यावर सुरू केली असता नेमक्या जुन्या क्षेत्रावर त्वचा पुन्हा लाल होते, कधी सोलतेही. लालीची कड ठिपक्यांशी जुळली की ही औषधाची प्रतिक्रिया आहे हे डॉक्टरांना ओळखता येते आणि निष्कारण प्रतिजैविके दिली जात नाहीत. आपले सर्व उपचार संपून काही वर्षे झाली असतील आणि कर्करोगतज्ज्ञांनी संमती दिली असेल, तर लेसरने ठिपका फिकट करता येईल. उपचारांचा तपशील सांगणारा कागद मात्र त्याआधी फाइलमध्ये आहे याची खात्री करून घ्या.

मंगळसूत्र तूर्त पोत लांब करून घाला, म्हणजे मणी कॉलरबोनच्या जागेवर घासणार नाहीत. त्या भागाला ऊन लागू देऊ नका. बाहेर पडण्यापूर्वी एसपीएफ ३० किंवा त्याहून अधिक क्षमतेचे सनस्क्रीन लावा, किंवा पदर त्या बाजूने पिन करा. लाली महिनाभरात गेली नाही, तर दाखवायला या.